मूल काही सांगत नाही? पूर्वी सांगितलेल्याचं काय झालं, ते आधी बघा

उत्तर देण्याआधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते. माझ्या समजण्यात काही चुकलं असेल, तर पुढचं त्या मानाने कमी-जास्त करून घ्या.

मुलगी १३ वर्षांची. दोन वर्षांपूर्वीपर्यंत शाळेतून आल्यावर दप्तर खाली ठेवायच्या आत तिचं बोलणं सुरू व्हायचं. आता "काही नाही", "ठीक होतं", "माहीत नाही" यातच सगळं उरकतं. मैत्रिणीशी फोनवर मात्र तासन् तास हसणं-खिदळणं चालतं. मध्यंतरी एका चाचणीत कमी गुण मिळाले. ते तिने लपवले, पेपरवर तुमची सही स्वतःच ठोकली आणि ही गोष्ट तुम्हाला दुसऱ्याच एका मुलीच्या आईकडून कळली. तुम्ही तिला वरचेवर सांगता की मला आई समजू नकोस, मैत्रीण समज. तिच्या बाबांचं म्हणणं, हे सगळं लाडाने झालंय, फोन काढून घ्या. तुमचे मुख्य प्रश्न दोन: तिचा फोन गुपचूप तपासू का, आणि तिचा विश्वास परत कसा मिळवू? आणि अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की वर्गातल्या एका मुलाबद्दल तिने तुम्हाला काहीतरी सांगितलं होतं. ते तुम्ही बहिणीला सांगितलंत, मावशीने तिला त्यावरून चिडवलं, "पण ती क्षुल्लक गोष्ट होती, एव्हाना विसरलीही असेल."

मी पालक आणि वयात येणारी मुलं यांच्याबरोबर समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काम करते आहे. या कामात एक सवय लागते. माणूस जे जाता जाता बोलतो, तिकडे जास्त कान द्यायचा. तुमच्या प्रश्नातलं मावशीचं वाक्य मला तसं वाटलं. खोट्या सहीपेक्षाही मोठं. का, ते सांगतेच, पण त्याआधी एक गुंता सोडवायला हवा.

तुम्ही एका दमात दोन गोष्टी मागताय. तिच्या आयुष्यात काय चाललंय ते मला कळावं, ही एक. तिने माझ्यापाशी मन मोकळं करावं, ही दुसरी. पालकांना या दोन्ही एकच वाटतात, कारण ती लहान असताना त्या खरोखर एकत्रच होत्या. ती बोलायची आणि तुम्हाला कळायचं. आता त्या सुट्या झाल्यात. फोन तपासलात तर पहिली गरज थोडीफार भागेल, पण ज्या दिवशी तिला ते कळेल (आणि कळतंच), त्या दिवशी दुसरीचं मोठं नुकसान होईल. शिवाय फोनमधून मिळते ती माहितीही अर्धवट असते. कोण काय म्हणालं ते दिसतं, त्याने तिला काय वाटलं ते दिसत नाही.

यावर एक संशोधन आहे, ते मला पालकांना सांगायला आवडतं. स्वीडनमधल्या हाकन स्टाटिन आणि मार्गारेट कर यांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १४ वर्षांची ७०३ मुलं-मुली आणि त्यांचे पालक त्यात होते. त्याआधी समज असा होता की ज्या घरात पालकांची मुलांवर नीट नजर असते, तिथली मुलं कमी बिघडतात. या दोघांनी विचारलं, पालकांना माहिती असते हे खरं, पण ती येते कुठून? विचारपूस करून, नियम घालून की मूल आपणहून सांगतं म्हणून? उत्तर स्पष्ट होतं. पालकांना जे ठाऊक होतं, त्यातलं बरंचसं मुलांनी स्वतःहून सांगितलेलं होतं. मुलांच्या नीट वागण्याशी सर्वात जवळचा संबंधही या आपणहून सांगण्याचाच दिसला, पाळतीचा नाही. आता यात एक मेख आहे, ती लपवत नाही: ज्या मुलाचं बरं चाललंय त्याला सांगायला अडचणही कमी असते, तेव्हा कशामुळे काय झालं हे अशा एका अभ्यासावरून ठरत नाही. पण खोदून खोदून विचारलं की मुलं मोकळी होतात, हा समज मात्र त्यानंतर फारसा टिकला नाही. माझा अनुभवही तसाच आहे. उलटतपासणी सुरू झाली की मुलं ताकास तूर लागू देत नाहीत.

दुसरं, तुमच्या मुलीचं कमी बोलणं सगळंच्या सगळं काळजीचं नाही. या वयात मुलांच्या मनात एक हद्द आखली जाते. अमेरिकेतल्या ज्युडिथ स्मेटाना यांनी अनेक वर्षं याचाच अभ्यास केला. सुरक्षितता, कोणाला इजा न करणं, खरेपणा अशा बाबतीत आईबाबांनी नियम घालावेत हे किशोरवयीन मुलांनाही बहुतेक वेळा मान्य असतं. पण कोणाशी मैत्री करावी, कपडे कोणते घालावेत, फावला वेळ कसा घालवावा, कोण आवडतं, हा त्यांना स्वतःचा प्रांत वाटतो. घरातली बरीचशी भांडणं या हद्दीवरच होतात, कारण पालकांच्या मनातली रेघ वेगळ्या जागी असते. तेव्हा ती कोणाशी काय बोलून हसते हे तुम्हाला न सांगणं, याला मी लपवणं म्हणणार नाही. चाचणीचे गुण आणि सही, हे मात्र लपवणं आहे. दोन्हींना एकच नाव दिलंत तर ती दोन्हीकडे तुमच्याशी लढेल.

आणि ती पूर्वीइतकं सांगत नाही म्हणजे विश्वास उडाला, असंही नाही. मी पालकांना मोजायला सांगते ते वेगळंच: अडचणीत सापडल्यावर ती तुमच्याकडे येते का? दिवसभर मौन पाळणारी पण अंगावर शेकलं की पहिलं दार आईचं ठोठावणारी मुलगी मला चालते. रोज सगळं घडाघडा सांगणारी पण खरी अडचण पोटात दाबून ठेवणारी चालत नाही. गुण कमी पडले, ही १३ व्या वर्षाची खरीखुरी अडचण. त्या वेळी तिने तुमच्याकडे यायचं टाळलं. आपण बोलायचं ते याबद्दल.

आता मावशीकडे येते.

मूल बोललं की आपलं लक्ष त्याने काय सांगितलं याकडे असतं. मुलाचं लक्ष असतं ते सांगितलेल्याचं पुढे काय होतं याकडे. ते कोणाच्या कानावर गेलं? त्यावरून कोण हसलं? ते परत माझ्यावर आलं का? मुलं याचा हिशेब मुद्दाम ठेवत नाहीत, पण तो राहतो, आणि पुढचं सांगायचं की नाही हे त्यावरून ठरतं. म्हणून माझ्याकडे "मूल बोलत नाही" म्हणून आलेल्या पालकांना, बोलतं कसं करायचं हे मी सुरुवातीला सांगतच नाही. एक प्रश्न विचारते: त्याने शेवटची मनापासूनची गोष्ट तुम्हाला सांगितली ती कोणती, आणि तिचं पुढे काय झालं? बरेच जण जरा वेळ गप्प बसतात. काहींना ती गोष्टच आठवत नाही. मुलाला मात्र आठवत असते.

सांगितलेल्या गोष्टी बिघडतात त्या ठरावीक वाटांनी. पहिली वाट तुमचीच: गोष्ट घराबाहेर किंवा दुसऱ्या खोलीत जाते. आपण कौतुकाने सांगतो, गंमत म्हणून सांगतो, कधी स्वतःच्या मनावरचा भार हलका करायला सांगतो. वाईट हेतू नसतोच. पण तेराव्या वर्षी एखाद्या मुलाबद्दल वाटणं ही मुलीच्या दृष्टीने क्षुल्लक गोष्ट नव्हे, तिच्याजवळचं ते सर्वात नाजूक असू शकतं. ते तिने तुमच्या हाती दिलं आणि त्याचा बोभाटा झाला. मावशी एकदाच चिडवून मोकळी झाली असेल. मुलगी शिकली ते असं की आईला सांगितलेलं आईपाशी राहत नाही. चाचणीचे गुण त्यानंतर आले ना? क्रम तपासून बघा.

दुसरी वाट म्हणजे तीच गोष्ट पुढच्या भांडणात परत येणं. "तूच म्हणाली होतीस ना की तुला त्या विषयात काही कळत नाही? मग मोबाइल कशाला हवा?" विश्वासाने कबूल केलेला कमकुवतपणा पुराव्यासारखा समोर टाकला जातो. मोठ्या माणसांनाही हे एकदाच पुरतं, नाही का?

तिसरी फार सज्जन वाट आहे, म्हणून लक्षात येत नाही. मूल बोलायला लागतं आणि तिसऱ्या वाक्याला आपण उपाय सुरू करतो. "मग तू बाईंना सांगायचंस." "अशा मुलींशी बोलूच नकोस." "उद्या मी शाळेत येऊन बघते." हेतू मदतीचाच, पण मुलाच्या हातून गोष्ट निसटते. ते मन हलकं करायला आलं होतं, त्याची आता तक्रार झाली, बैठक झाली. एका मुलाने मला सांगितलं होतं की बाबांना सांगितलं की ती गोष्ट बाबांची होते. (असे प्रसंग सांगताना मी ओळखीच्या खुणा बदलते.)

चौथी वाट माझ्या मते सर्वात कमी बोलली जाणारी. मूल सांगतं आणि पालकच कोसळतात. आई रडायला लागते, जेवण सोडते, "माझंच काहीतरी चुकलं" म्हणत राहते, किंवा बाबा अबोला धरतात. आता मुलाला स्वतःचं दुःख बाजूला ठेवून त्यांची समजूत काढावी लागते. अशी मुलं पुढे बोलत नाहीत ती भीतीने नव्हे, मायेने. माझ्याकडे येऊन ती म्हणतात, "आईला नका सांगू, तिला सहन होणार नाही." वरवर हे मूल समजूतदार दिसतं, सगळे त्याचं कौतुक करतात, आणि आतून ते एकटं पडत जातं. तुमच्या घरी असं होतं की नाही, मला माहीत नाही. पण गुणांवरून तुमची झोप उडते का आणि ते तिला दिसतं का, एवढं स्वतःला विचारा.

तेव्हा पहिलं काम सहीचं नाही, मावशीचं आहे. तिच्याकडे जा आणि सांगा, साधंच: "त्या मुलाबद्दल तू मला सांगितलं होतंस, ते मी मावशीला सांगितलं. तुला विचारलं नाही. तिने तुला चिडवलं तेव्हाही मी तिला थांबवलं नाही. ते चुकलं माझं." इथे थांबायचं. "पण माझा हेतू वाईट नव्हता" जोडायचं नाही. "आता तरी सांगत जाशील ना?" हे तर नाहीच नाही, कारण मग माफी हा सौदा होतो. ती बहुतेक "त्यात काय एवढं" म्हणेल किंवा मोबाइलमधून मान वर काढणार नाही. चालेल. तुम्ही बहिणीलाही सांगा की यावरून पुन्हा चिडवायचं नाही, आणि तसं सांगितल्याचं मुलीच्या कानावर घाला. माफी मागून पालकांचा धाक जातो, असं तिच्या बाबांना वाटू शकतं. माझ्या पाहण्यात उलट आहे: आईबाबा चूक कबूल करतात हे दिसलं की मुलाला स्वतःची चूक कबूल करण्याची रीत सापडते.

माफीने काय साधतं याचं एक कारण अगदी तान्ह्या वयापासूनचं आहे. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांचा १९७० च्या दशकातला प्रयोग प्रसिद्ध आहे. बाळाशी हसत-खेळत असलेली आई काही मिनिटं चेहरा निर्विकार ठेवते. बाळ आधी तिचं लक्ष वेधायला धडपडतं, मग कावरंबावरं होतं, रडतं, तोंड फिरवतं. लोक प्रयोगाचा एवढाच भाग सांगतात. मला त्यांच्या पुढच्या कामातलं निरीक्षण जास्त मोलाचं वाटतं: एरवीच्या, चांगल्या चाललेल्या नात्यातही आई आणि बाळ यांचा सूर जुळलेला असतो तो सुमारे ३० टक्केच वेळ. बाकीचा वेळ सूर चुकण्यात आणि पुन्हा जुळवण्यात जातो, आणि नातं घडतं ते या पुन्हा जुळवण्यातून. म्हणून दोन वर्षांत काय काय चुकलं याची यादी करत बसू नका. जे चुकलं त्यातलं काय पुन्हा जोडलं गेलं, तेवढं बघा.

आता सही. हे सोडून द्या असं मी मुळीच म्हणत नाही. पण आधी मुलं खोटं का बोलतात त्याबद्दल थोडं. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी २०११ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमधल्या लहान मुलांची तुलना प्रसिद्ध केली. एका शाळेत मारझोड आणि कडक शिक्षा चालायची, दुसरीत नाही. कडक शाळेतली मुलं जास्त खोटं बोलली, एवढंच नाही, तर तीन-चार वर्षांच्या वयातही ते खोटं जास्त सफाईने टिकवून धरू शकली. तलवार यांच्याच २०१५ च्या अभ्यासात ४ ते ८ वर्षांची ३७२ मुलं होती. शिक्षा होणार असं सांगितल्यावर ती खरं सांगायला कमी तयार झाली. "खरं सांगितलंस तर मला आनंद होईल" असं म्हटल्याचा एकंदरीत उपयोग झाला; "तुझं तुलाच बरं वाटेल" हे मात्र शिक्षेची भीती नसताना जास्त लागू पडलं. तुमची मुलगी या मुलांहून बरीच मोठी आहे, त्यामुळे हे तिला जसंच्या तसं लागू करणार नाही. तरीही दिशा कळते: धाक वाढवला तर खरेपणा वाढेलच असं नाही, खोटं बोलण्याचं कौशल्य मात्र वाढू शकतं.

तर तिच्याशी बोलताना पहिला नियम: सापळा लावू नका. तुम्हाला सगळं माहीत असताना "काय गं, चाचणीचे पेपर मिळाले का?" असं विचारलंत तर तुम्ही तिला आणखी एकदा खोटं बोलायची संधी देताय, आणि मग त्या दुसऱ्या खोट्यावर रागावणार आहात. सरळ सांगा: "गुण कमी आल्याचं आणि सहीचं मला कळलंय. कोणाकडून, तेही सांगते." मग प्रश्न एकच, आणि तो खरोखर उत्तर हवं असल्यासारखा विचारायचा: "मला सांगायचं ठरवलं असतंस तर काय झालं असतं असं तुला वाटत होतं?" या प्रश्नाच्या उत्तरात तुम्हाला तुमचंच घर तिच्या नजरेने दिसेल. ती म्हणेल, बाबा ओरडले असते. किंवा, तू महिनाभर तेच तेच बोलत राहिली असतीस. किंवा, तू मावशीला सांगितलं असतंस. त्या क्षणी वाद घालायचा मोह फार होतो ("आम्ही कधी ओरडलो तुला?"). तो आवरा.

परिणाम हवाच. पण गुणांचा आणि सहीचा हिशेब वेगळा ठेवा. कमी गुण हा गुन्हा नाही, तिथे लागेल ती मदत करायची. खोटी सही ही फसवणूक आहे आणि ती निस्तरायची जबाबदारी तिची: शिक्षकांना तिने स्वतः सांगायचं, तुम्ही सोबत उभं राहायचं. फोन काढून घेण्याचा याच्याशी काही संबंध नाही. असंबद्ध शिक्षा मुलांना सूड वाटते. आणि एक गोष्ट आताच जाहीर करून ठेवा, बाबांशी बोलून: यापुढे जे तू आपणहून सांगशील त्याचा परिणाम आम्हाला बाहेरून कळलेल्या गोष्टीपेक्षा नेहमी सौम्य असेल. मग हा शब्द पाळायचा, रागाच्या भरातही. पहिल्याच वेळी मोडलात तर आधीपेक्षा वाईट.

फोन तपासण्याबद्दल. गुपचूप नको. यात वयाचा फरक मोठा आहे: लहान मुलाचा फोन आईबाबांच्या देखरेखीखाली असणं योग्यच, सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे निरोप वाचणं मला सहसा पटत नाही. तेरा हे मधलं वय. त्यामुळे नियम असू द्या, पण उघड: रात्री फोन कुठे राहील, अनोळखी माणसाने फोटो मागितला तर काय करायचं, कोणत्या परिस्थितीत आम्ही फोन बघू, आणि बघायचा झालाच तर तुला सांगून. कोणी तिला धमकावतंय, मोठ्या वयाचं कोणी जवळीक साधतंय किंवा ती स्वतःला इजा करेल, अशी ठोस शंका असेल तर प्रश्नच वेगळा. तिथे सुरक्षितता आधी, विश्वास नंतर दुरुस्त करता येतो. नुसती हुरहूर म्हणजे ठोस शंका नव्हे. आणि तुम्ही आधीच तपासला असेल, तर तिला कळायच्या आत तुम्ही सांगा.

"मला मैत्रीण समज" हे सोडून द्या, असं सुचवेन. तिला मैत्रिणी आहेत. मैत्रिणी सही मागत नाहीत आणि रात्री दहाला फोन बंद करायला सांगत नाहीत. तुम्ही हे दोन्ही करणार, मग तिला ती मैत्री फसवी वाटते. ज्या मोठ्या माणसाचा राग येतो पण ज्याच्यासमोर आपलं काही बिघडलेलं आणता येतं, अशी जागा तिच्याकडे बहुधा दुसरी नाही.

गुप्ततेबद्दल मी माझ्या धंद्यातली एक रीत तुम्हाला देते. मुलांशी बोलायला बसताना आम्ही पहिल्याच भेटीत सांगतो की इथलं बोलणं इथेच राहील, अपवाद ठरलेले: तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, कोणी तुझ्याशी वाईट वागत असेल, तर मला ते योग्य माणसाला सांगावं लागेल, आणि सांगण्याआधी मी तुला सांगेन. पालकांना वाटतं अशी अट घातली तर मूल गप्प बसेल. तसं क्वचितच होतं. मर्यादा आधी कळली की मुलं त्या मर्यादेत निर्धास्त होतात. घरीही हे करता येतं. "कोणाला सांगणार नाही, शपथ" असं आंधळं वचन देऊ नका, कारण एखाद्या दिवशी ते मोडावं लागेल. त्याऐवजी प्रत्येक गोष्टीला विचारायचं: "हे बाबांना सांगितलं तर चालेल का? तू सांगशील की मी?" आणि "बाबांना कळू देऊ नकोस हं" या वाटेला जाऊच नका. त्यातून मूल एकाच्या जवळ येत नाही, दोघांना वेगवेगळं हाताळायला शिकतं. तिचे बाबा लाडाबद्दल बोलताहेत त्यामागेही काळजीच असणार. त्यांना आधी विश्वासात घ्या, एवढंच मान्य करून की आपल्या दोघांनाही हवंय ते तिने अडचणीत आपल्याकडे यावं हेच.

आता रोजच्या बोलण्याकडे. "आज शाळेत काय झालं?" हा प्रश्न मुलांना हजेरीसारखा वाटतो आणि तेवढंच उत्तर मिळतं. समोरासमोर बसून डोळ्यांत डोळे घालून बोलण्यापेक्षा शेजारी शेजारी काही करताना बोलणं या वयात सोपं जातं: चालताना, गाडीतून जाताना, कपड्यांच्या घड्या घालताना, दिवा मालवल्यावर. नजर चुकवायची सोय असते आणि गप्प राहिलं तरी अवघडत नाही. प्रश्नही विचारू नका काही दिवस. तुमचं काहीतरी सांगा, लहानसं आणि खरं: आज कामावर एकाने मला सगळ्यांसमोर चुकीचं ठरवलं, फार अपमान वाटला, घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. उपदेशाची शेपटी न लावता. भावनांबद्दल बोलायची भाषा मुलं प्रश्नांतून शिकत नाहीत, घरात ऐकू येते त्यातून शिकतात. अर्थात किती सांगायचं याला माप आहे. तुमच्या दिवसाचा वैताग तिला सांगण्याजोगा, तुमच्या संसारातली भांडणं आणि पैशांच्या विवंचना तिच्या खांद्यावर टाकण्याजोग्या नाहीत.

आणि ती बोलायला लागली की पहिली काही मिनिटं उपाय तोंडात धरून ठेवा. तिने सांगितलेल्याला एक शब्द द्या: "म्हणजे तुला एकटं पडल्यासारखं झालं?" शब्द चुकला तरी बिघडत नाही, ती दुरुस्त करेल, "एकटं नाही गं, राग आला", आणि त्यातच बोलणं पुढे सरकतं. भावनेला नाव दिलं की तिची धार थोडी उतरते, याला मेंदूच्या अभ्यासांतूनही दुजोरा मिळाला आहे. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या प्रयोगात चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात ओळखताना मेंदूतल्या अमिग्डला या, भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या भागाची खळबळ कमी झालेली दिसली. तो प्रयोग मोठ्या माणसांवरचा आणि प्रयोगशाळेतला होता, तेव्हा मी त्यावर फार इमले बांधत नाही. मग विचारा: "नुसतं ऐकू, की काही सुचवू?" सुरुवातीला ती "नुसतं ऐक" म्हणेल. तेव्हा खरंच नुसतं ऐका.

एक सूचना काळजीची. बोलणं हळूहळू कमी होणं वेगळं आणि काही आठवड्यांत मूल एकदम बदलणं वेगळं. झोप-भूक बिघडणं, जवळच्या मैत्रिणीही टाळणं, आवडत्या गोष्टी सोडून देणं, शाळेत जायला घाबरणं, अंगावरच्या जखमा झाकणं, "मी नसते तर बरं झालं असतं" अशी वाक्यं, यातलं काही दिसलं तर या उत्तरावर विसंबू नका, मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जिवाबद्दलची शंका असेल तर थेट, शांतपणे विचारा की मरून जावंसं वाटतं का. विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो ही भीती चुकीची आहे. उलट बऱ्याच मुलांना कोणीतरी विचारलं याचाच दिलासा वाटतो. तुमच्या लिहिण्यावरून तुमच्याकडे तसं काही दिसत नाही. मैत्रिणीशी हसणं चालू आहे, ही चांगली खूण.

इथवरचं थोडक्यात: आधी मावशीच्या गोष्टीची माफी, मग सहीचं सापळ्याविना बोलणं, फोनचे नियम उघड, आणि सांगितलेलं कुठवर जाईल हे आधीच ठरवणं. याच क्रमाने, आणि सगळं एकाच संध्याकाळी नाही.

किती दिवसांत फरक पडेल, असंही तुम्ही विचारलंय. आठवड्यांत नाही, महिन्यांत. मोजायला दिवस घेऊ नका. पाण्यात उतरण्याआधी माणूस पायाचा अंगठा बुडवून बघतो, तसं ती आधी काहीतरी फुटकळ सांगून बघेल. बहुधा ते दुसऱ्याच्या नावावर येईल: "आमच्या वर्गात एक मुलगी आहे ना, तिने..." ती मुलगी म्हणजे तीच असू शकते, नसूही शकते. "तूच ना ती?" असं विचारू नका, त्या मुलीबद्दलच बोला. तिला काय वाटलं असेल, घरी सांगायची भीती का वाटली असेल. त्या मुलीला तुम्ही मूर्ख किंवा वाया गेलेली म्हणालात, तर तुमच्या मुलीला हवं ते उत्तर मिळालं आणि विषय तिथेच संपला. तसं काही म्हणाला नाहीत आणि पुढच्या आठवड्यात मावशीलाही ते माहीत नाही असं तिच्या लक्षात आलं, तर पुढची गोष्ट थोडी मोठी असेल.

मध्ये ती एखादी गोष्ट मुद्दाम अशीही सांगेल की तुमचा संताप व्हावा. तेव्हा रागावलात तरी चालेल. राग आला हे सांगा, अर्ध्या तासाने बोलू म्हणा, आणि अर्ध्या तासाने खरंच बोला.